बांगडी एका जागी फुटत नाही

संक्रांत उलटली की लाखनीकडच्या गावांत पट भरतो,
आणि त्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात
दातांच्या खुर्चीवरची चादर मी दिवसातून दोनदा बदलते.

शालिक ठवकर. वय एकतीस. धुरकरी.
बैल सुटले, छकडा उलटला, हनुवटी जमिनीवर.
चौघं त्याला उताणा धरून आणतात आणि मी ओरडते,
कुशीवर करा रे! मान धरून, ओंडका वळवता तसा.
रक्त घशात जातंय त्याच्या.
चेहऱ्याचं मग बघू.

मग बघते.
एकाची दोन दिसतात का? खुणेनं, नाही.
दोन्ही अंगठे एकाच वेळी दोन्हीकडून फिरवते,
भुवई, डोळ्याखालचा काठ, गालाचा उंचवटा,
तांदळातला खडा शोधावा तसे.
सुजेनं सगळं सारखं करून टाकलंय, लिंपलेल्या भिंतीसारखं,
पण खाली, जबड्याच्या कडेला,
बोटाला एक पायरी लागते.

खालचा ओठ डावीकडे बधिर.
जिभेखाली जांभळाएवढं जांभळं.
दात पहिल्यासारखे बसतात का, शालिक?
तो दात मिटून बघतो. पुन्हा बघतो.
"कोनाचे तरी दुसऱ्याचे दात वाटतेत."

लाकडाची पट्टी त्याच्या दाढांत देते. घट्ट धर.
हळूच पिळते.
जबडा शाबूत असला तर पट्टी मोडते.
पट्टी मोडत नाही.

त्याची बायको पुस्तकला दारात उभी, पदरात त्याची एक चप्पल.
"लागलं त डाव्या अंगाले न मॅडम?
मंग उजव्या कानापाशी काहून दाबता?"
मला तिचा हात दिसतो.
बांगडी फुटते तेव्हा एकाच जागी फुटते का गं?
ती मनगट वर करते, कुठलीतरी जुनी बांगडी आठवत.
"नाई," म्हणते. "तुकडा पडते."

भंडाऱ्याहून एक्स-रे आला.
हनुवटीच्या डावीकडे एक रेघ,
उजव्या कानापुढे दुसरी, केसाएवढी.
हाडं फारशी सरकलेली नव्हती. इथंच होईल, मी म्हटलं,
आणि रात्री एकदा पुस्तक उघडून खात्री केली.

सुन्न करून, दोन तास, तारेनं
वरचे दात खालच्या दातांना बांधले.
नेमकं कुठं बसवायचं ते खर्ऱ्यानं सांगितलं.
दहा वर्षं सुपारी चघळून दाढांना जे उतार पडलेत
ते एकमेकांत गेले, कडी कोयंड्यात जावी तसे.
कधी नव्हे तो खर्रा कामाला आला.
बोलले नाही मी त्याच्यासमोर.

मग सुतळीत ओवलेला कटर
पुस्तकलेच्या गळ्यात घातला.
उलटी झाली, जीव घाबरला, तर ही तार, ही, आणि या दोन.
मला विचारायला यायचं नाही. कापायचं.
तिनं बोट ठेवून चारही तारा मोजल्या, दोनदा.

महिनाभर भाताची पेज, वरणाचं पाणी, नळीनं.
सात किलो उतरला.
पट संपला, बैल विकले की ठेवले, विचारायचं राहून गेलं.

तारा काढल्या त्या दिवशी तिनं कटर परत दिला.
पात्याला खाच.
वापरलास?
"एका राती खोकलला, मॅडम. उठून बसलो मी,
कापू का, कापू का.
मंग थांबला खोकला.
सकाळी कुंपनाची तार कापली त्यानं.
हात त बसला होता न."

शालिक, तोंड उघड.
माझी दोन बोटं मावतात. तीन मावली पाहिजेत,
रोज सकाळ-संध्याकाळ, आरशासमोर बसून, हनुवटी सरळ ठेवून.

"आरसा फुटला आमचा," पुस्तकला म्हणाली.
"मी बसतो न समोर."
आणि तिथंच, ओपीडीच्या रांगेसमोर,
तिनं आपलं तोंड उघडून दाखवलं.