दुसरा ॲटली

ओहायोत, होम्स काउंटीत, एकाच चर्चच्या हद्दीत
दोन ॲटली हर्शबर्गर राहतात.
टपालवाला आठवड्यातून एकदा तरी चुकतो.
म्हणून एक साजवाला ॲटली, घोड्यांचे पट्टे शिवतो तो,
आणि दुसरा टोमॅटोवाला.

मी दुसऱ्याकडे जाते, ऑगस्टात,
केंद्राची पांढरी गाडी त्याच्या बग्गीशेजारी लावते.
फळीवर टोमॅटो मांडलेले असतात,
लांबुडके, टोकाला निमुळते,
आणि पैशांसाठी कॉफीचा डबा, झाकणाला चीर पाडलेला.
वीस वर्षं विकून झाल्यावर
यंदा त्याने विचारलं,
हे गोल का नाहीत?

उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून मी सांगू लागले.
टोमॅटोच्या दहाव्या गुणसूत्रावर एक फिरस्ता आहे.
त्याला ना पान घडवता येतं, ना रंग.
येतं ते एवढंच :
स्वतःला उतरवून घ्यायचं
आणि ती नक्कल दुसरीकडे नेऊन रुजवायची.
एकदा, कधी ते कुणालाच ठाऊक नाही,
तो शेवटाशी आला आणि थांबायचं विसरला.
पूर्णविराम ओलांडून लिहीत गेला,
शेजाऱ्याचं अख्खं घर उतरवलं
दारं-खिडक्यांसकट.

"म्हणजे चोरलं?"

नाही. शेजारी अजून तिथेच आहे,
आपलं जुनं काम हळू आवाजात करतो.
गेली ती नक्कल. ती उतरली सातव्यावर,
एका राखणदाराच्या अंगणात.
फूल उमललं की राखणदाराला हाक यायची,
ऊठ, फळ धरतंय.
आता हाक येते आणि हा नवखा उठतो,
फळाला लांब ओढतो.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
इथे नुसता शेजार बदलला,
गुण लागला तो लागलाच,
वाणही नवं झालं, फळीवर मांडून विकण्याजोगं.

(राखणदाराचं पुढे काय झालं
ते मी सांगितलं नाही.
त्याचं घर मधोमध दुभंगलं. तो बोलत नाही.)

ॲटली दाढी खाजवत राहिला.
मग म्हणाला, आमच्या सलोमाने हेच केलं होतं.
मयताच्या तयारीचं पान उतरवायला दिलं तिला :
बाकं किती, कॉफी किती, घोडे कुठे बांधायचे.
ती रेघ ओलांडून खाली गेली,
बटाट्याच्या पावाची कृतीही लिहून बसली.
पान गेलं इंडियानात, मावशीकडे.
मावशीने ते चिकटवलं लग्नांच्या यादीशेजारी.
आता तिकडे त्या पावाशिवाय लग्न लागत नाही.
आम्ही इथे तो आजाऱ्यासाठीच भाजतो.

मी हसले. मग त्याला खरं ते सांगितलं,
की बहुतेक नकलांचं असं काही होत नाही.
त्या अर्ध्यात तुटतात.
पेशी त्यांच्या तोंडाला बूच मारते,
आणि त्या जागच्या जागी विरत राहतात
लाखो वर्षं.
माझी नोकरी म्हणजे
या मुक्यांची शिरगणती.
लांब टोमॅटो क्वचित.

"मग मोजता कशाला?"

याला उत्तर होतं माझ्याकडे, तीन पानांचं,
दर वर्षी मंजुरीसाठी लिहिते ते.
मी दोन टोपल्या उचलल्या,
डब्यात बारा डॉलर टाकले.

निघताना त्याने एक पाकीट दिलं,
साजवाल्याचं, चुकून आलेलं.
तुझ्या वाटेवरच आहे, टाकशील?
ते वाटेवर नव्हतं. टाकलं.

साजवाल्याने नाव वाचलं, मान डोलावली,
आणि फडताळातून दुसऱ्याचं टपाल काढून दिलं,
बियांचं सूचीपत्र, जानेवारीपासून पडलेलं,
फोडलेलं.
टोमॅटोंच्या पानावर
एका गोल, लाल, साध्या फळाभोवती
कुणीतरी पेन्सिलीने वर्तुळ केलेलं.

मी गाडी पुन्हा वळवली.