एकवीस गिअर

पहाटे साडेचार. रुवीत अजून
कालचाच उकाडा.
सायकलला एकवीस गिअर, मला सत्तेचाळीस वर्षं.
कोणता कधी टाकायचा
ते त्या काळ्या डोंगरालाच ठाऊक.

दुकानदाराने सीट उंच करून दिली. पाय टेकत नाहीत.
तसे तेव्हाही टेकत नव्हते:
दांड्याखालून तंगडी घालून
हाफ पेडल मारायचो,
बेलेकरांची भाड्याची, तासाला आठ आणे,
घड्याळ त्यांचंच.

हमरियाच्या चढावर साखळी खडखडली.
उतरलो. हेल्मेटमधून घाम.
तेवढ्यात ग्रोसरीतला मोफिज,
गंजकी सायकल, कॅरिअरला पाण्याचे दोन कॅन,
उभ्याने पेडल मारत, घंटी वाजवत
पुढे गेला.

माझ्या सायकलला घंटीच नाही.
मग तोंडानेच केलं: ट्रिंग ट्रिंग.

वळून न बघता
त्याने दोनदा वाजवली.