साल तिच्याकडे असायचं

सुन्वा गेली त्या आठवड्यात
घरातलं काहीच हललं नाही.
हातमोजे खुंटीवर, वल्ही पडवीत,
मेंढीचं मटण फळ्यांच्या खोपीत
वारं खात टांगलेलं.
मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"मिक्याल, गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या साली?"
आणि मी सवयीने
डावीकडे पाहिलं.

साल तिच्याकडे असायचं.
माझ्याकडे त्या दिवशीचं वारं,
ईशान्येचं, बोट सुटू न देणारं.
बावन्न वर्षं दोघांत मिळून एकच डोकं वापरलं आम्ही.
भाच्यांचे वाढदिवस, पावाचं माप,
कुणाचा कुणाशी कशावरून अबोला, हे तिच्या फडताळात.
भरती-ओहोटी आणि मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा माझ्या.

मी हट्टी. म्हटलं, एकट्यानेच आठवू.
रोज उत्तरेच्या कड्यावर जायचं,
एकेका खडकाला नावाने हाक मारायची.
सात झाले. आठव्यापाशी धुकं आलं
(खरोखरचं; मी उपमा देत नाहीये)
आणि जिभेवर नुसतं "स्का".
स्वतःला विचारून पाहिलं.
त्यालाही तेवढंच माहीत होतं.

खालच्या घरात लिगाया राहते.
सेबूहून फेरोला आलेली, मासळीच्या कारखान्यात कामाला.
तिची भाषा मोडकी, माझे कान त्याहून.
शरदात मेंढ्या खाली आणायला
सगळा गाव डोंगरावर रांग धरतो,
तेव्हा ती माझ्या शेजारी आली, आणि बोट दाखवून म्हणाली,
"तो, वाकलेला, त्याला काय म्हणता?"
"स्कार्वास्तोलुर," मी म्हणालो,
जणू विसरलोच नव्हतो.
"स्करवा... काय?"
"पाणकावळ्याची खुर्ची."
मग तिला नीट म्हणायला शिकवता शिकवता
तिथून घसरलेला हेरियन आठवला,
त्याची लाल टोपी, शोधायला निघालेल्या होड्या.
"साठ साली," मी म्हणालो.
"एकसष्ट!" वरून म्हातारा हाल्वदान ओरडला.

अगदी तिच्यासारखा.
तोच तिरसटपणा.
आम्ही तिघं तिथेच भांडत उभे,
आणि आमच्यात पडलेल्या फटीतून
दोन मेंढ्या निसटून पुन्हा वर गेल्या.
गाव आम्हाला मनसोक्त शिव्या घालत होता.

ऑपरेशनचं साल मात्र सापडलं नाही.
हाल्वदानला विचारलं, पोस्टातल्या बाईला विचारलं.
लिगाया दर रविवारी विचारते, "मिळालं?"
आणि दर रविवारी मला त्या वाऱ्याबद्दल
आणखी थोडं आठवतं.