ढवळण

डरहॅम. नोव्हेंबर. चारलाच अंधार.
तळमजल्यावरच्या संगणकात
तीन हजार प्रकाशवर्षांची एक पेटी,
आत विरळ वायू. मी त्यात तारे फोडते.

एका स्फोटानं भागत नाही.
मोठा भोवरा लहान भोवऱ्यांत मोडतो,
लहान आणखी लहानांत,
शेवटी नुसती ऊब,
तीही निघून जाते. वायू निपचित.
म्हणून पुन्हा फोडायचा.
कुठे, केव्हा, ते ठरवणारी ओळ विल्फची.
वर त्याचीच टीप:
हात लावू नका. का चालतं, मलाही कळलेलं नाही.

विल्फ ऑर्ड मार्चमध्ये गेला.
मग अजून सिंकपाशी,
तळाला चहाचं कडं.

महिन्यातून एकदा ऑड्री येते,
ओला कोट, डब्यात आल्याचा केक.
‘त्याचं ते चालू आहे ना अजून?’
खुर्च्या सरकतात. कुणी किटली लावतं,
कुणी उगाच मोठ्यानं हसतं,
मी तिला पडदा दाखवते: हा बघा, आत्ताच फुटला.

दोन दिवस पुरतं ते.

मग पुन्हा नुसते कीबोर्ड.
पडद्यावर वायू बसत चाललेला,
दुधावर साय धरावी तसा.
पुढचा स्फोट कधी, त्या ओळीला ठाऊक.
ऑड्रीला यायला
अजून अकरा दिवस.