शनिवारचा कागद

तणमोराखाली मी पांढरा कागद अंथरते
शनिवारी, शाळा सुटल्यावर.
पुढच्या शनिवारी कागद कोरा, तर आठवडा बरा गेला.
कागदावर कणकेसारखा भुसा,
तर आत कोणीतरी जेवतं आहे.

परिचर म्हणून लागले तेव्हा काम एवढंच होतं :
बेडकाच्या बरण्या पुसायच्या, घंटा द्यायची.

जुन्या कपाटातलं घुबड, ढोकरी, बिनशेपटीचा नीलपंख,
यांना काही होत नाही.
त्यांच्या कातड्याला आतून सोमल चोळलेला.
"हात साबणानं धू," ढोमणे सर म्हणायचे,
"विष आहे म्हणून शाबूत आहेत."

तणमोर नंतरचा.
मानोऱ्याच्या रस्त्यावर तारेला आदळून पडलेला,
वनखात्याची चिठ्ठी अजून पाटाला चिकटलेली.
सरांनी स्वतः भरला :
कापूस, सुतळी, तुरटी
आणि रिटायर व्हायची घाई.
त्यालाच कसर लागली.

तिळाएवढी केसाळ अळी.
ज्वारीच्या फोलकटासारख्या तिच्या काती
पंखाखाली.
डांबरगोळ्या ठेवल्या. पोरांची डोकी दुखली,
अळीचं काही दुखलं नाही.

मग नव्या मॅडमनी सांगितलं, थंडी.
उणे वीस, दोन आठवडे, खंड न पडता.
बाहेर त्रेचाळीस.
अख्ख्या गावात एवढी थंडी एकट्या युनूसभाईकडे,
कुल्फीच्या पेटीत.

दोन पिशव्यांत गुंडाळून
मी तणमोर मटक्याकुल्फीशेजारी निजवला.
तेराव्या रात्री लाईन गेली
ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली.
युनूसभाईनं वितळती कुल्फी पोरांना वाटून टाकली,
पैसे घेतले नाहीत.
मी कॅलेंडरवर पुन्हा लिहिलं : एक.

काढला त्या दिवशी पिशवी लगेच सोडली नाही.
घाम बाहेरच फुटू दिला.
रात्रभर टेबलावर
प्लास्टिकमधला एक काचेचा डोळा
माझ्याकडे नाही, पंख्याकडे बघत होता.

जूनमध्ये नातीचा दाखला न्यायला
बेड्यावरून रायचंद आला,
दारातच थांबला.
"मान अशी नसते त्याची," म्हणाला.
"उडी घेतानी मांगं जाते. गवताच्या वर येते,
दिसते, की गेलाच."
हातानं दाखवली ती उडी,
टीसीचा कागद हातातच.

मी अळीचं सांगितलं.
तो हसला :
"यानं लय भुंगे खाल्ले ना बाप्पा.
आता त्यायची पारी."

पारी मी येऊ देणार नाही.
पण त्या दिवसापासून ब्रश फिरवताना
कातीतून निघालेला एखादा भुंगेरा
खिडकीच्या काचेवर सापडला
की लगेच चिरडत नाही.
आधी बघते. मग चिरडते.

कानामागचे तुरे :
डावीकडे चार, उजवीकडे दोन.
हजेरीच्या जुन्या वहीत
त्याचं पान काढलंय.
आज शनिवार.
कागद कोरा.
डावीकडे चार,
उजवीकडे —
थांबा, चष्मा लावते.