तासाला पाच टक्के

चौतीस वर्षं मंडळात काढली.
खांबांवर चढलो, जम्पर बांधले,
तारेला चिकटलेली वटवाघळं काठीनं सोडवली.
जनकगंज ते माधौगंज, सगळे फ्यूज मला
नातेवाइकांसारखे ठाऊक: कोण कधी रुसतो,
कोण ऐन वरातीत जळतो.
निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि दुसऱ्याच दिवशी घरची लाइट
सहा तास गेली.

यंदाच्या मे महिन्यात तर बाराला जाते,
चारला येते, कधी येतच नाही.
इन्व्हर्टर घेऊन टाका, मालू म्हणाली.
मी म्हटलं, थांब जरा.

हुजरातच्या भंगारवाल्याकडे
एका मेलेल्या कंदिलाचं सोलर पॅनल मिळालं,
वहीएवढं, सहा व्होल्टचं, कोपऱ्यात तडा.
‘इंगळेसाब, आपसे क्या लेना,’ म्हणाला,
आणि साठ रुपये घेतले.

तीन पायांचा रेग्युलेटर. त्याला उष्णता टाकायला
जुन्या टेपरेकॉर्डरची ॲल्युमिनियमची पाठ.
सोल्डरचा धूर, चष्म्यावर घाम,
हात थोडा हलतो आता, दोनदा थेंब चुकीच्या जागी पडला.

डायोडचा स्वभाव मात्र मला आवडतो.
आलेलं पुढे सोडतो, मागे वळू देत नाही.
चंदेरी रेघ कुठल्या टोकाला, तेवढं बघायचं.
मालूच्या अंगावर अशी रेघ असती
तर अठ्ठ्याऐंशी सालचं भांडण
काल पुन्हा निघालं नसतं.

सकाळी आठला मीटर सात दाखवी,
दुपारी एकला सहा.
आयुष्यभर समजत होतो,
ऊन वाढेल तशी वीज वाढेल.
तसं नाही. तापलं की पॅनल थकतं.
शेहेचाळीस डिग्रीत किल्लासुद्धा
कडेनं वितळल्यासारखा दिसतो, हे तर काचेचं पान.
‘म्हणजे तेही दुपारी झोपतं,’ मालू म्हणाली,
माझ्याकडे बघून.

मग दुसरं पॅनल आणलं, मालिकेत जोडलं.
त्याचे सत्तर घेतले.
खाली हवा खेळावी म्हणून चार विटा लावल्या.
आता बाहेर पाच व्होल्ट, अगदी पाच.
फोन तरी ढिम्म.
मालूच्या फोनवरून भोपाळला भाचीच्या मुलाला विचारलं.
‘आजोबा, सॉकेटच्या मधल्या दोन तारा एकमेकींना जोडा.
त्याशिवाय फोनला तुमची ओळख पटत नाही.’

ओळख!
अख्ख्या लश्करला वीज पुरवली मी,
शिव्या दिल्या लोकांनी, पण ओळख
कोणी मागितली नव्हती.

जोडल्या.

माठाच्या तिवईखाली, ओल्या सावलीत फोन ठेवला,
लांब वायर टाकून. कारण ऊन पॅनलला हवं,
फोनला सोसत नाही, दोघांचं असं आहे.
पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं.
एक टक्का.
मी मंडळाची जुनी लॉगबुक काढली, सवयीनं,
आणि लिहिलं: १२.४०, पुरवठा सुरू.
१.४०ला सहा.
तासाला पाच टक्के म्हणजे मुंगी साखर नेते तसं,
पण दाणा दाणा माझ्या गच्चीवरचा.

सातवा टक्का भरत होता तोच फोन थरथरला.
माठाची तिवईही थोडी वाजली.
आटाचक्कीवाला कुशवाह.
त्याच्या फोनात माझं नाव अजून
‘लाइटवाले इंगळे’ असं आहे, मला माहीत आहे.
‘साब, लाइट कब आएगी?’

चौतीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं:
बस, आधा घंटा.
ते ओठांपर्यंत आलंही.

मग म्हटलं, तुझा फोन किती उरलाय?
दो परसेंट, साब.
वर ये, म्हटलं. चप्पल घालून ये.
गच्ची तापलीय.