चौकोनी पाइप, दोन एमएम

अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा भाव पुण्याहून आला
तेव्हा मी सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये
बॉबिन मोजत होते. आकडा पाहिला,
मोजणी चुकली, पुन्हा एकपासून सुरू केली.

मला विमान हवं होतं. उडणारं नको.
खोलीतल्या खोलीत कलणारं,
वळताना पोटात खड्डा पाडणारं,
कवलापूरच्या त्या माळावरून निघणारं
जिथल्या धावपट्टीवर शेरडं चरतात
आणि एकही शेरडू वर बघत नाही.

पीव्हीसी पाइप पारिस चौगुलेनं
दुकानातच गुडघ्यावर वाकवून दाखवला.
"टाकीला लावा ताई, स्वतःला नको."

बांबू चिवट आणि जवळजवळ फुकट,
पण बोल्टसाठी भोक पाडलं की उभा चिरतो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुणी अपमान केल्यासारखा.

स्लॉटेड अँगलला मी वीस वर्षं ओळखते.
गिरणीच्या फायली त्याच्याच अंगावर आहेत.
ओझं गप्प बसलं तर तो पेलतो.
ओझं हललं की भोकाभोकातून कुरकुर.

प्लायवर मात्र जीव होता माझा.
अठरा एमएम, घरी कापता येतं, वास चांगला.
पण पुरात आमच्या घरात चार फूट पाणी होतं
आणि पाणी उतरल्यावर कपाटाचं दार
वहीसारखं पानपान सुटत गेलेलं
मी हातानं पाहिलंय. नको.

राहिलं लोखंड.

भरमू वेल्डर म्हणाला, चाळीस बाय चाळीस घ्या,
भिंत दोन एमएम. त्याहून पातळ असली
तर रॉड टेकवायचा अवकाश, भोक पडतंय.
आणि नवा कशाला? मिरजेत भंगारात
एका मंगल कार्यालयाचं स्टेज आलंय.

स्टेज किलोवर मिळालं.
पाइपांना झालरीचे धागे, गंजक्या टाचण्या,
एका उभ्यावर खडूनं लिहिलेलं: नवरी डावीकडे.
टेम्पोच्या शाफ्टचा क्रॉस मानेच्या जागी,
ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी दंडांच्या जागी,
खुर्ची मोडीत निघालेल्या ओम्नीची.

मोटारी चालू केल्या
आणि आख्खा सांगाडा गायला लागला.
फळीवरची भांडीसुद्धा साथीला.
भरमूनं नट आवळले. आवाज चढला.

त्याच्या शेजारच्या गाळ्यात
हारुण शिकलगार तुणाच्या लाकडाला रंधा मारतात,
सतारीच्या दांडीसाठी. ते न बोलवता आले,
पाइपवर बोटाचं पेर वाजवलं, कान टेकवला,
बराच वेळ तसेच राहिले.
"आम्ही जन्मभर हा सूर आत बोलावतो.
तुम्हाला हाकलायचाय होय?"
मग हसून: "पोकळ आहे म्हणून बोलतंय. पोट भरा त्याचं."

तीन दिवस गच्चीवर वाळू वाळवली.
नरसाळ्यानं ओतली, पाइप ठोकत ठोकत,
टोकं बंद केली. खालची चौकट मुकी झाली.

मी म्हटलं, वरच्यातही भरू.
भरमूनं गॉगल कपाळावर सरकवला.
"मॅडम, वायपर काच पुसायला जन्मलेत.
तुम्हाला आणि कृष्णामाईला, दोघींना
उचलायला न्हाईत."
मग वरची पंचवीस बाय पंचवीस, हलकी,
थोडी गुणगुणली तरी चालेल अशी ठरली.

सगळा खर्च वहीत आहे. पुण्याच्या आकड्याच्या
पाचव्या हिश्श्यापेक्षा चहाच्या पैशांइतका जास्त.

पहिल्यांदा बसले हारुणचाचा. पडदा लावलाच नव्हता.
डोळे मिटून डावीकडे कलले, उजवीकडे,
नाक वर, नाक खाली,
आणि हात उचलून म्हणाले, थांबवा.
"मागचा डावा पाय. अजून बोलतोय."

फरशी तिथे दोन दोरे खाली होती.
कागदाची घडी, पत्र्याचा तुकडा, पुठ्ठा, काही जमेना.
शेवटी मी पायातली चप्पल काढून दिली.
भरमूनं टाच कापून खाली सरकवली.

आता माझ्याकडे एकच चप्पल आहे,
उजवी.
रविवारी कवलापूरहून निघाले, अनवाणी,
आणि तासगावच्या वर कुठेतरी
पोटात खड्डा पडला.